ताण्याची दुसरी बाजू

“माझं एकच विचारणं आहे,” बालामणी म्हणाल्या. “हा माणूस आत आहे का नाही, तेवढं सांगा.”

हे त्यांनी नवऱ्याच्या उशाशी बसून विचारलं. मांडीवर सूप होतं, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू. विडी वळणारी बोटं बोलतानाही थांबली नव्हती. खाटेवर मल्लेशम चिप्पा छताकडे बघत पडले होते. झटका येऊन गेल्यापासून त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. पाणी मागता येत नव्हतं, मुलाला हाक मारता येत नव्हती. उरलं होतं ते एक गाणं. त्या गाण्यासाठीच मी पुण्याहून सोलापूरला आले होते.

आले होते म्हणण्यापेक्षा परतले होते. मी सोलापूरचीच, बिराजदारांची शैलजा. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि शेजार सगळा पद्मशाली विणकरांचा, त्यामुळे तेलुगू न शिकताच पदरात पडलेली. पुढे पुण्यात भाषाशास्त्र शिकायला गेले तेव्हा कळलं की आपण ज्याला गल्लीतली भेसळ समजत होतो तिच्यावर लोक प्रबंध लिहितात. आमचे खानापुरकर सर मला गमतीनं ‘तिकटी’ म्हणायचे, कारण तीन भाषांच्या मधोमध उभी असलेली मुलगी त्यांना आयती सापडली होती.

मल्लेशमवर उपचार करणारे डॉक्टर सरांचे स्नेही होते. दोन भाषा जन्मभर बोललेल्या माणसाची वाचा गेली तर आधी कोणती जाते, मागे काय उरतं, हे बघायला सर दोनदा सोलापूरला येऊन गेले आणि मल्लेशमचं गाणं ध्वनिमुद्रित करून घेऊन आले. त्या कॅसेटी ऐकून गाणं उतरवून काढायचं काम माझ्याकडे होतं. गाणं विणकरांचं, कामाचं. एक ओळ मराठी, दुसरी तेलुगू, अशी वीण. आणि प्रत्येक ओळ शेवटाला तुटलेली.

‘उगवतीचा देव गल्लीच्या तोंडाला’, इथं ओळ संपायची. देव गल्लीच्या तोंडाला आला, की थांबला, की गेला, ते नाहीच. पुढची ओळ तेलुगूत. ती ‘दारमु’वर संपायची, म्हणजे धाग्यावर. तो तुटला असेल तर पुढे ‘तेगिंदि’ यायला हवं, तेही नाही. मराठी आणि तेलुगू या मुळात वेगवेगळ्या घरच्या भाषा. मराठीत भाऊ आला, बहीण आली, पान आलं, अशी तिघांसाठी क्रियापदाची तीन रूपं. तेलुगूत बहीण आणि पान यांना एकाच पंगतीला बसवतात. पण क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायचं, याबाबत दोघींचं एकमत. आणि नेमकं तेच दोन्हीकडून गळालेलं. सर हरखून गेले होते. इतक्या स्वच्छपणे दोन भाषा एकाच जागी तुटलेल्या कुणी दाखवल्या नव्हत्या, असं ते म्हणाले. मीही तक्ते आखले आणि सरांनी अहवाल लिहिला. वाक्य पुरं करण्याची शक्ती दोन्ही भाषांत गेली आहे. गाणं हा केवळ सवयीचा अवशेष आहे. त्यात जाणीव असल्याची खूण दिसत नाही. तो अहवाल डॉक्टरांना द्यायचा होता. तो पोचला की रोज बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी बंद होणार होती. त्याआधी घरच्यांकडून दोन-चार शब्द तपासून घे, असं सरांनी सांगितलं, म्हणून मी त्या खाटेपाशी बसले होते.

म्हणजे बालामणींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पिशवीत होतं. ते त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी पुटपुटले की डॉक्टर सांगतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, डॉक्टरांचं कळलं, तुम्ही सांगा. मग त्या आपणहून बोलत राहिल्या. रात्री हे झोपत नाहीत. जेवण अर्धं तोंडातून बाहेर येतं. शेजारच्या बाया येऊन बसतात आणि म्हणतात, देवानं आता सुटका करावी. मीही म्हणते, करावी. हे सगळं त्या खाटेवरच्या माणसाच्या कानापासून हातभर अंतरावर बोलत होत्या, कोपऱ्यातल्या रांजणाबद्दल बोलावं तसं. मला ते खटकलं नाही. आमच्या अहवालातही त्यांच्याबद्दल तसंच लिहिलं होतं.

तेवढ्यात मल्लेशमनी गायला सुरुवात केली. आवाज घोगरा, पण सुरात पक्का.

“उगवतीचा देव गल्लीच्या तोंडाला…”

आणि ते थांबले. मी पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. कॅसेटवर ती लगेच यायची. इथं येईना. त्यांचा डावा हात चादरीवर पुढे सरकला होता, तो तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं हात मागे आला आणि तेलुगू ओळ सुरू झाली. तीही तशीच तुटली आणि परत तेवढीच शांतता. अशा तीन-चार ओळी झाल्या आणि ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

ही शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. का ऐकली नव्हती, हे लक्षात यायला मला वेळ लागला नाही. आमचे सर जुन्या वळणाचे, काटकसरी. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून मुद्रण करताना अंगठा नेहमी थांबवायच्या बटणावर. माणूस गप्प झाला की सर बटण दाबायचे, बोलायला लागला की सोडायचे. कॅसेटमध्ये मावेल तितकी भाषा भरायची, ही आमची शिस्तच होती. गप्प बसण्याला कोण भाषा म्हणतं?

मी गुडघ्यावर बोटानं ठेका धरला आणि पुन्हा ऐकलं. शांतता लांबलचक होती, पण वेडीवाकडी नव्हती. प्रत्येक ओळीमागे तेवढीच, ठेक्यात. विसरलेला माणूस असा मापात थांबत नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली, कारण सगळ्या तक्त्यांवर माझी सही होती.

दुपारी त्यांचा मुलगा गोवर्धन चादरीच्या कारखान्यातून जेवायला आला. त्याला मी विचारलं, या ओळींना पुढे काही आहे का? तो म्हणाला, आहे की, लहानपणी रोज ऐकायचो. वडील आजारी पडले तेव्हा त्यानंही पुढचं म्हणून बघितलं होतं, उपयोग झाला नाही. माझ्या आग्रहाखातर त्यानं पुन्हा म्हटलं. मल्लेशमनी पहिली ओळ टाकली आणि ते थांबले तसा गोवर्धन म्हणाला, “आला, अन्ना, आला.”

मल्लेशमची नजर छतावरून उतरली. त्यांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग नजर भिंतीकडे वळवली आणि पहिलीच ओळ पुन्हा सुरू केली.

“बघा,” गोवर्धन म्हणाला. “डोक्यात काही शिल्लक नाही.”

मला उलटं वाटलं. ज्याच्या डोक्यात काही शिल्लक नाही तो कोण बोललं हे कशाला बघेल? आणि बघून नापसंत कशाला करेल?

“ओळींची ही दुसरी बाजू कोण धरायचं?” मी विचारलं.

गोवर्धन ताटाकडे बघू लागला. बालामणींनी हनुवटीनं दाराबाहेर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. मग गोवर्धन मला अंगणात घेऊन गेला आणि हळू आवाजात त्यानं सगळं सांगितलं.

हातमागाचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढवण्याआधी त्यांना पिठाची शिजवलेली खळ पाजावी लागते. त्यासाठी सकाळच्या उन्हात ताणा गल्लीभर लांब ताणून बांधायचा, आणि दोन बाजूंना दोन माणसं उभी राहून कुंचे फिरवत बरोबरीनं पुढे सरकायचं. एकाचा कुंचा पुढे गेला की दुसऱ्याचा त्यावर आला पाहिजे, नाहीतर खळीच्या गाठी होतात. पाय एकत्र पडावेत म्हणून गाणं. इकडच्यानं ओळ टाकायची, तिकडच्यानं ती पुरी करायची. मल्लेशम आणि त्यांचा धाकटा भाऊ अंबय्या मिसरूड फुटल्यापासून समोरासमोर पाजणी करायचे; गाण्यातला ‘अन्ना’ म्हणजे थोरला भाऊ, मल्लेशमच. मग एक दिवस अंबय्या यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला गेला. मल्लेशमनी दुसरा जोडीदार घेतला नाही. पाजणी एकट्यानं होत नाही. माग बंद पडला. पुढे त्यांनाही कारखान्याचीच वाट धरावी लागली, पण त्याआधी त्यांनी घरात सगळ्यांना शपथ घातली की या उंबऱ्याच्या आत त्याचं नाव काढायचं नाही आणि त्याला बोलवायचं नाही.

आत आल्यावर बालामणी माझ्याशी बोलल्या, पण बघत होत्या सुपाकडे.

“शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असते. यांचं तोंड असं झालं. आता ही शपथ माझ्याबरोबर सरणावर जाणार.”

“पण तुम्हाला त्यांना बोलवावंसं वाटतं का?”

“मला काय वाटतं ते कोणी विचारलंय?” त्यांनी विडीचं तोंड नखानं दुमडलं, दोरा गुंडाळला आणि विडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मी नाव घेतलं नाही. गोवर्धननंही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला कुणाची शपथ नाही.”

एवढं बोलून त्यांनी दुसरं पान उचललं. मी चपला घालून निघाले.

अंबय्या चिप्पा ओट्यावर बसून दाढी करत होते. भावासारखंच रुंद कपाळ, फक्त केस काळे. मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघत ऐकून घेतलं.

“दार अन्नानं लावलं,” ते म्हणाले. “उघडायचं त्यानं. मी त्याच्याहून धाकटा, मला आगाऊपणा करता येत नाही.”

“ते उघडू शकत नाहीत. त्यांना बोलता येत नाही.”

“ऐकलंय मी. मोडका माणूस बघायला जायचं आणि तोही त्याच्या मनाविरुद्ध, ही कुठली रीत?”

त्यांचं बोलणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. वाद घालण्यात मी तशीही कच्चीच. म्हणून पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, ओट्यावर ठेवला आणि सरांची कॅसेट लावली.

मल्लेशमचा आवाज आला. अंबय्यांचा वस्तरा गालावरच थांबला. पहिली ओळ संपली तसे त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटायच्या आत तेलुगू ओळ सुरू झाली. तिच्या शेवटी त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा पुढची ओळ त्यांच्यावर येऊन आदळली. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात पुढे करून यंत्र बंद केलं. ते चिडले होते.

“हे अन्नाचं म्हणणं नाही. अन्ना असा अंगावर कधीच येत नव्हता. इथं मी असतो. माझी जागा कुठं गेली?”

मी सांगितलं की जागा आम्ही काढून टाकली. तुमच्या भावानं ठेवली होती. दिवसातून कितीदा तरी ते तेवढी जागा ठेवतात, वाट बघतात, कोणी येत नाही, मग पहिल्यापासून सुरू करतात. गोवर्धननं ती भरून बघितली, ते त्यांना चाललं नाही.

अंबय्यांनी उरलेला साबण टॉवेलनं पुसला. एका गालावर दाढी तशीच राहिली होती, त्याचं त्यांना भान नव्हतं. “चला,” एवढंच म्हणाले.

सरांना हे सगळं मी नंतर सांगितलं. त्यांनी माझ्याकडून अहवाल परत घेतला आणि म्हणाले की नवीन कॅसेटी घेऊन जा आणि बटणाला हात लावू नकोस. ती मुलगी रोज येत राहिली, पण मल्लेशम पुन्हा बोलू लागले वगैरे काही झालं नाही, तेही इथंच सांगून टाकते. चमत्कार मी पाहिलेला नाही. मी जे पाहिलं ते त्या दुपारी, अंबय्या भावाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले तेव्हा.

ते आत गेले नाहीत. चौकटीला हात लावून बाहेरच उभे राहिले. मल्लेशमचं डोकं दाराच्या बाजूला होतं, त्यांना दार दिसत नव्हतं. बालामणींनी दिराला पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घालून विड्या वळत राहिल्या. गोवर्धन काही बोलणार होता, त्याला मी हातानं थांबवलं. आम्ही सगळे त्या गाण्याची वाट बघत होतो, आणि नेमकं तेव्हाच ते येईना. कारखान्याचा भोंगा झाला. समोरच्या घरातल्या बाईनं पाणी ओतलं. शेवटी तो घोगरा आवाज आला.

“उगवतीचा देव गल्लीच्या तोंडाला…”

“आला, अन्ना, आला,” अंबय्या दारातून म्हणाले.

चादरीवरचा हात थांबला. मल्लेशमनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना. आता ते पहिल्या ओळीवर परत जातील असंच मला वाटलं. ते गेले नाहीत. दुसरी, तेलुगू ओळ आली, अंबय्यांनी ती पुरी केली. तिसरी आली. चौथी आली. अंबय्या कधी आत आले आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला कधी उभे राहिले, ते मला कळलं नाही. मल्लेशमचा डावा हात मागे-पुढे होत होता आणि समोर अंबय्यांचाही, मधे फक्त चादर. मग गाणं तिथं गेलं जिथं कॅसेटवर कधीच गेलं नव्हतं. शेजारणीचं कोंबडं ताण्याखाली शिरलं. सावकाराच्या पोराची टोपी खळीत पडली. हसू यावं अशा ओळी होत्या, आणि दोघांपैकी कोणीही हसत नव्हतं.

“आजची खळ कुणी करपवली…” मल्लेशमनी टाकलं.

“वदिनानं, अन्ना, वदिनानं.”

वदिना म्हणजे वहिनी. खळ शिजवायचं काम बालामणींचं असायचं. रोज सकाळी आत चुलीपाशी बसून त्या ही थट्टा ऐकायच्या, असं गोवर्धननं मागाहून सांगितलं. मल्लेशम पुढची ओळ गायले नाहीत. त्यांनी डोळे वळवले, भावाकडे नाही, उशाशी बसलेल्या बायकोकडे, आणि तोंडाची जी बाजू अजून हलत होती ती थोडी वर गेली.

बालामणींची बोटं थांबली. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच थांबली होती.

मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा देवाला हात जोडतील. मला स्वतःला रडू आवरत नव्हतं. त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते माझ्या पिशवीतल्या उत्तराच्या नेमकं उलट होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या घाबरल्या होत्या. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे हे सगळं ऐकायलेत. पहिल्या दिवसापासून.”

मी हो म्हणाले.

त्यांनी सूप मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवलं. लुगड्यावरची तंबाखू झटकली. मग दिराला म्हणाल्या, “अंबय्या, जरा बाहेर बसा. गोवर्धन, तूही जा. बाई, तुम्हीपण जावा. मला यांच्याशी बोलायचंय.”

आम्ही तिघं बाहेर आलो. त्यांनी आतून दार लावून घेतलं. अंबय्या पायरीवर बसले, गोवर्धननं त्यांना पाणी आणून दिलं, आणि काका-पुतणे शेजारी बसून राहिले. दाराच्या फटीतून बालामणींचा आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग सलग. ‘ऐका,’ असं त्या मधूनमधून म्हणत होत्या. बाकीचं तेलुगूत होतं, आणि तेलुगू मला कळत होतं, म्हणून मी उठले आणि गल्लीच्या पार टोकाला, नळापाशी जाऊन उभी राहिले.